तार कुठे आहे?

फणसवाडी, गिरगाव
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

चि. बाळूस,


भाऊबीजेला तू मोबाइलवर गाडीचे फोटो दाखवलेस तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, म्हणून मी 'छान आहे' म्हणून गप्प बसलो. तुझ्या आईला वाटलं, मामाला पटलं. फोनवर सांगावं तर तू दर वाक्याला 'हो मामा, बघतो मामा' म्हणतोस. म्हणून पत्र. वाच आणि ठेवून दे, आईला वाचून दाखवलंस तरी चालेल.

त्या दिवशी तू मला एकच गोष्ट चार वेळा सांगितलीस: एका चार्जमध्ये ४८९ किलोमीटर. मी तुला एकदाच विचारलं, रात्री गाडी उभी राहील तिथे तार कुठून येणार? तू म्हणालास, 'ते होईल.' छत्तीस वर्षं मी बेस्टच्या वीजपुरवठा विभागात काढली. 'ते होईल' म्हणणाऱ्यांच्या मीटर केबिनमध्ये पुढे काय होतं ते मी पाहिलंय.

विजेच्या गाडीचं अप्रूप तुमच्या पिढीला. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम आली ती ७ मे १९०७ ला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा बाबांनी मला खांद्यावर बसवून ती दाखवली म्हणे. मला काही आठवत नाही. आणि तुझ्या शिवडीवरून जी हार्बर लाइन जाते ना, तिच्यावरूनच ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची आगगाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली. ट्रामच्या डोक्यावर तार होती, लोकलच्या अजून आहे. आधी तार गेली, मागून गाडी. तू घेतोयस ती गाडी वीज पोटाला बांधून निघते. शिदोरी सोबत आहे खरी, पण ती रोज कुठेतरी भरावी लागते, आणि ती जागा कोणती हे गाडीच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

आता तुझे ४८९. ही नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावला बनते आणि हा आकडा सरकारी चाचणीचा आहे. चाचणीत गाडी रोलरवर ठरावीक वेगाने चालवतात. तिथे लालबागचा सिग्नल नसतो आणि मागच्या सीटवर 'एसी वाढव' म्हणणारी तुझी आई नसते. कंपनी स्वतःच प्रत्यक्षातला आकडा साडेतीनशेच्या आसपास सांगते. मी आणखी सोपा हिशेब करतो. बॅटरीचा जो 'किलोवॅट-अवर' ते सांगतात, तो म्हणजे आपल्या बिलातलं युनिट. ४५ची बॅटरी म्हणजे ४५ युनिटं. अशी छोटी एसयूव्ही शहरात युनिटला सातेक किलोमीटर जाते, हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगाने सहा. गुणाकार तू कर. पेट्रोलच्या गाडीचं उलटं असतं हे लक्षात घे: ती हायवेला जास्त देते, ही शहरात. ब्रेक लावला की मोटरच जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. केम्प्स कॉर्नरचा उतार उतरताना काट्याकडे बघ, मजा वाटेल.

दादरच्या माझ्या मित्राच्या मुलाकडे पहिल्या खेपेची नेक्सॉन आहे, जानेवारी २०२० मध्ये मुंबईत ती विक्रीला आली तेव्हाची. तीस युनिटांची बॅटरी, कागदावर ३१२ किलोमीटर. त्याला दोनशेच्या आसपास मिळतात आणि त्याची काही तक्रार नाही. त्याच्याबरोबर मी एकदा पुण्याला गेलो होतो. बोरघाट चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरायला लागले आणि पोराच्या कपाळावर घाम. मी त्याला हिशेब सांगितला: दीड टनाची गाडी पाचशे-साडेपाचशे मीटर वर उचलायला जादा लागतात ती अडीच युनिटं, त्याहून जास्त नाही, आणि परतताना उतारावर त्यातली निम्म्याहून जास्त वसूल. जाताना खालापूरच्या फूडमॉलवर आम्ही वडा-चहा घेतला तेवढ्यात गाडीनेही घेतलं होतं. घाटाला भिऊ नकोस.

मग मी कशाला भितो? तुझ्या इमारतीच्या पार्किंगला. चाळ पाडून टॉवर झाला, तुम्हाला गाडीची जागा मिळाली, फार चांगलं झालं. पण ती जागा लोखंडी पाळण्यातली आहे: दोन गाड्या वर, एक खाली, बटण दाबलं की पाळणा हलतो. तुझा नंबर मधला. हलत्या पाळण्यावर चार्जिंगची केबल लोंबकळत ठेवायची नसते, कोणी कितीही 'चालतं हो' म्हणालं तरी. म्हणून शोरूमला जाण्याआधी सेक्रेटरीकडे जा. खालच्या मजल्यावरची, जमिनीवरची जागा ज्याच्याकडे असेल त्याच्याशी अदलाबदल कर. ज्याची पेट्रोलची गाडी आहे त्याला पाळण्याचं काही वाटणार नाही. हवं तर वर्षभराचं मेंटेनन्स तू भर.

मग कनेक्शन. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःच्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, तेव्हा सोसायटीपुढे भीक मागत उभं राहू नकोस. कागद घेऊन जा आणि गोड बोल. तुझ्या मीटरचा मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघ. साध्या सोळा अँपिअरच्या पॉइंटवर गाडी तीन-सव्वातीन किलोवॅट ओढते. म्हणजे एक गीझर, पण वीस मिनिटांचा नाही, रात्रभर चालणारा. भिंतीवरचा सव्वासात किलोवॅटचा चार्जर बसवलास तर दोन गीझर. घरात दोन एसी, वर हा, की लोड वाढवून घ्यावाच लागेल. मीटर केबिनपासून गाडीपर्यंत स्वतंत्र तांब्याची केबल ओढ, मोठ्या चार्जरला सहा चौरस मिलिमीटरच्या खाली नको आणि अंतर जास्त असेल तर दहाची. तिच्यावर स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि खरं अर्थिंग. खरं म्हणजे मोजलेलं; वायरमनने 'आहे ना साहेब' म्हणून सांगितलेलं नव्हे.

परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरून दोरीने वायर खाली सोडून एकाने स्कूटर चार्जिंगला लावली होती. मध्ये दोन एक्स्टेन्शन बोर्ड, त्यातला एक कपड्यांच्या दांडीला बांधलेला. पहाटे बोर्ड वितळून थेंब थेंब गळत होता. माणसं वाचली, कारण खालच्या आजी दूध घ्यायला उठल्या. ती वायरिंग दोन बल्ब आणि एका पंख्यासाठी घातलेली, रेडिओच्या काळातली. तू टॉवरमध्ये राहतोस म्हणून हसू नकोस. बिल्डरने पार्किंगमध्ये घातलेली वायर ट्यूबलाइटसाठी असते.

हे सगळं जमलं, तर पुढचा हिशेब तुझ्या बाजूचा आहे, हेही कबूल करतो. आठवड्याला तीन दिवस बेलापूरला ऑफिस, अटल सेतूने जाऊन-येऊन पंच्याहत्तर किलोमीटर. महिन्याला नऊशे, वर इकडचं-तिकडचं धरून अकराशे. पेट्रोलची गाडी लिटरला चौदा देईल. शंभरीपार पेट्रोलने आठ हजारांच्या आसपास गेले. विजेच्या गाडीला एकशे नव्वद युनिटं, घरच्या मीटरवर दहा-बारा रुपयांनी दोन हजार. घरी तार नसेल आणि रोज बाहेर फास्ट चार्जरवर भरलीस, तर युनिटला वीस-पंचवीस धर. दोनाचे चार हजार झाले, वर गाडीजवळ बसून काढलेला वेळ वेगळा. सेतूवर पेट्रोलच्या मोटारीला एका वेळचे अडीचशे, परतीसह पावणेचारशे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारीला तिथे २२ ऑगस्ट २०२५ पासून टोल माफ आहे. बारा दिवसांचे साडेचार हजार ते. मात्र माफी सरकारने दिलेली असते, आज आहे. ती कायमची धरून कर्जाचा हप्ता बांधू नकोस. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, विजेच्या गाडीला तो आधीपासून ५ होता. किमतीतलं अंतर पूर्वीइतकं राहिलं नाही, आणि सेल्समन तुला ते आपणहून सांगणार नाही. (शिवडी ते बेलापूर हार्बरचा पास कितीला येतो, ते मी विचारत नाही. आईच्या गुडघ्यांसाठी गाडी हवी, हे मला मान्य आहे.)

या हिशेबात एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. ऑफिसच्या दिवशी तुला बारा युनिटं लागतात. साध्या पॉइंटवर चार-साडेचार तासांत ती भरतात. तू जेवून झोपलास की पहाटे दूधवाला यायच्या आत काम झालेलं. मग ४५ युनिटांची बॅटरी कशाला? तीसची पुरते, पंचसारखी आणखी लहान गाडी घेतलीस तर पंचवीसचीही. वाचलेल्या पैशात केबल, चार्जर, अर्थिंग, सगळं होऊन पहिल्या वर्षाचा विमा निघेल. बॅटरीची हमी निदान आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असते. तुझ्या रपेटीने त्यातले किलोमीटर संपायला बारा वर्षं लागतील, तेव्हा 'बॅटरी मरेल' म्हणणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नको.

तू म्हणशील, गाव? मला माहीत होतं, ४८९ च्या मागे कणकवली आहे. हायवेने साडेचारशेच्या आसपास. चार माणसं, सामान, वर आईची नारळाची पिशवी. ४५ची गाडी शंभर टक्क्यांवर काढलीस आणि पंधरा टक्के हाताशी ठेवलेस, तर खेड-चिपळूणपर्यंत जाशील. तिथे पाऊण तास. फास्ट चार्जर ऐंशी टक्क्यांपर्यंत धावतो, पुढे रांगतो, म्हणून शंभरची वाट बघत बसू नये, मागे उभे असलेले शिव्या देतात. मग राजापूरच्या अलीकडे पुन्हा एकदा. तीसची गाडी असेल तर दोनाऐवजी तीन थांबे. फरक एवढाच: एक थांबा, वर्षातून दोनदा. त्यासाठी काही लाख जादा मोजायचे असतील तर मोज, पैसे तुझे. मी असतो तर गणपतीला दादरहून तुतारी धरली असती. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाडहून वेर्ण्याला मालगाडीवर मोटारी न्यायची सोय केली, नांदगावला थांबाही दिला, म्हणजे आपल्या दाराशीच. गाडी गाडीत बसून गेली! बाबा असते तर पोट धरून हसले असते.

गावच्या घरी पंपाच्या पॉइंटवर लावशील तर आधी तिथलं अर्थिंग बघ. मीठ-कोळसा घातलेला खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलाय, त्यात कोणी पाण्याचा तांब्या ओतला नाही. आणि गणपतीच्या माळा चालू असताना गाडी लावू नकोस, दिवे मिणमिणायला लागले की काका ओरडतील.

पावसाचं विचारलं होतंस. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ती तपासलेली. त्याचा अर्थ हिंदमाताला होडी चालवावी असा नाही. पाणी साचलं की परळच्या पुलावरून जा, नाहीतर घरी बस. ट्रॅफिकमध्ये अडकून बॅटरी संपेल ही भीती मात्र सोड. तासभर एसी लावून उभा राहिलास तर युनिट-दीड युनिट गेलं, म्हणजे दहाएक किलोमीटर. आणि लालबागचे दहा दिवस तुला माझ्याहून ठाऊक: तुमच्या गल्लीतून गाडी बाहेर निघतच नाही. गणपती यायच्या आधी ती भरून ठेव, नाहीतर दादरला कोहिनूरच्या पार्किंगमधल्या चार्जरपर्यंत पोचायलाच निम्मा दिवस जाईल.

खालची जागा मिळाली नाही, तर या वर्षी गाडी घेऊ नकोस, इतकं स्पष्ट सांगतो. बाहेरच्या चार्जरच्या भरवशावर गाडी म्हणजे नळ नसलेलं घर. आम्ही चाळीत तसंही काढलं, पण हौसेने नाही.

येत्या रविवारी सकाळी नवाला मी मेगर, टेस्टर आणि पन्नास मीटरची टेप घेऊन येतो. वॉचमनकडून मीटर केबिनची किल्ली आदल्या रात्रीच घेऊन ठेव, रविवारी तो सापडत नाही. सेक्रेटरींना अर्धा तास मोकळे ठेवायला सांग. आणि आईला सांग, वाल भिजत घाल, बिरडं खाल्ल्याशिवाय जाणार नाही.

तुझा,
मामा