देवी गेल्या, त्यांचे भाऊबंद राहिले

शरीरशास्त्राच्या तासास आम्ही विद्यार्थ्यांस एक सोपे काम सांगत असतो : घरी जाऊन आजी-आजोबांचे हात पाहावेत व काय आढळले ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. बहुतेक मुले सांगतात की, रुपयाएवढा, खोलगट, सुरकुतलेला व्रण आहे. मग एखादा मुलगा बाही वर सारून म्हणतो, “सर, माझ्याही दंडावर आहे!” त्याचा तो लहानसा व्रण क्षयरोगाच्या लशीचा. आजीचा व्रण निराळा. तो देवी टोचल्याचा होय.

देवीच्या रोगाने किती घरे ओस पाडली याची कल्पना आजच्या मुलांस येणे कठीण. ताप चढे, अंगभर पुवाचे फोड उठत आणि दहा रोग्यांपैकी सुमारे तीन दगावत; वाचलेल्यांच्या मुखावर जन्माचे वण राहत, कित्येकांची दृष्टी जाई. इंग्लंडातील डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी 1796 साली गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीच्या फोडातील लस एका मुलास टोचली व तीमुळे देवीपासून रक्षण होते असे दाखविले. ही लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस आली, आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या बालिकेस टोचली गेली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी टोचणी. त्या काळी बर्फाची पेटी कोठली? एका बालकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडास, अशा साखळीने लस जिवंत ठेवीत ती पुण्यापर्यंत आणली गेली. पुढे वासरांच्या कातडीवर लस तयार होऊ लागली. बेळगावास त्याकरिता संस्था होती, व तेथील जागा अद्याप ‘व्हॅक्सिन डेपो’ याच नावाने ओळखली जाते. 1975 साली भारतातील शेवटचा रोगी आढळला. 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवी पृथ्वीवरून नाहीशा झाल्याचे जाहीर केले. टोचणीचे कारणच उरले नाही.

परंतु या विषाणूचे कूळ मोठे आहे. (कांजिण्या त्यांतील नव्हेत, दिसण्यात सारख्या असल्या तरी.) 2022 साली केरळात आढळलेला मंकीपॉक्स याच कुळातला. गुरांचा लम्पी रोगही दूरचा नातलग. त्याच्या भयाने कित्येकांनी दूध टाकले, पण तो माणसास होत नाही. माणसास होतात त्या म्हशीच्या देवी. गंमत अशी की, त्यांचा विषाणू देवीच्या लशीतील विषाणूचाच अगदी जवळचा आप्त आहे! 2009 साली सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांतील गावांत म्हशी व माणसे दोघांसही त्यांनी गाठले, व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्याचा तपास केला.

हे आम्हास वेळीच ठाऊक असते तर बरे झाले असते. मारुंजीच्या शेजारी हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, तरी गावात गोठे आहेत. तेथील आमचा एक विद्यार्थी बोटांवर फोड घेऊन वर्गात आला. आम्ही ती खरूज समजून, ‘आंघोळ करीत जा’ असे चारचौघांत बोललो. पोर काही न बोलता खाली बसले. पुढे डॉक्टरांनी बोटे पाहून पहिला प्रश्न विचारला तो म्हशीच्या सडांविषयी. सडांवर खपल्या होत्या, आणि पहाटे शाळेपूर्वी धार काढण्याचे काम त्याचेच होते. आम्ही त्याच वर्गात त्याची क्षमा मागितली. तीच म्हैस त्याची आजीही पिळीत असे. तिच्या हातास काही झाले नाही. जुन्या टोचणीचे बळ वर्षांगणिक ओसरते, म्हणून एवढ्यावरून आम्ही सिद्धान्त काढीत नाही. तथापि आजीच्या दंडावर व्रण होता, नातवाच्या नव्हता.

अशा फोडांबरोबर ताप येतो, काखेत गाठ धरते; बहुधा काही आठवड्यांत सारे बरे होते. पालकांनी एवढे करावे : सडांवर फोड दिसताच पशुवैद्यास दाखवावे, निरोगी जनावरांची धार आधी व आजारी म्हशीची शेवटी काढावी, हातास चीर असल्यास तिला हात लावू नये, नंतर साबणाने हात धुवावेत, दूध उकळूनच प्यावे. आणि मुलाच्या बोटांवर फोड दिसले तर ते झाकून न ठेवता डॉक्टरांस व आम्हासही सांगावे. आम्ही आता आधी गोठ्याची चौकशी करतो.