जुन्या संगणकाच्या सुट्या भागांची खरेदी : वाद आणि उपाय

धाराशिव जिल्ह्यातील धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी या आठही तालुक्यांत संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ग्रामपंचायतीचे दाखले, विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज, शेतकऱ्यांची पीक विम्याची नोंदणी ही सर्व कामे संगणकावाचून अडतात. तथापि नवा संगणक प्रत्येकास परवडतोच असे नाही. त्यामुळे वापरलेली हार्ड डिस्क, रॅम, मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय ओळखीच्या अथवा अनोळखी व्यक्तीकडून विकत घेण्याचा मार्ग अनेकजण पत्करतात. जुनी वस्तू पुन्हा उपयोगात आणणे काटकसरीचे आहे आणि त्यामुळे ई-कचऱ्यासही आळा बसतो. परंतु वस्तू सदोष निघाल्यास व्यवहाराचे वादात रूपांतर होते आणि रक्कम लहान असली तरी उभयतांतील कटुता मोठी असते.

वादाचे मूळ

संगणकाच्या भागांतील दोष बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. रॅममधील दोष काही तासांच्या वापरानंतर प्रकट होतो. मदरबोर्ड थंड असताना सुरळीत चालतो आणि तापल्यावर बंद पडतो. हार्ड डिस्कचे खराब झालेले क्षेत्र त्या भागावर माहिती लिहीपर्यंत ध्यानातही येत नाही. दुसरीकडे, चांगला भागही चुकीच्या जोडणीमुळे, अंगातील स्थिर विद्युतभारामुळे किंवा विजेच्या दाबातील चढउतारामुळे खरेदीनंतर निकामी होऊ शकतो. म्हणूनच "वस्तू मुळातच खराब होती" असे घेणारा म्हणतो आणि "तुम्हीच ती बिघडवली" असे विकणारा म्हणतो. दोघेही प्रामाणिक असू शकतात. दोष विक्रीच्या वेळी अस्तित्वात होता हे दाखविण्याची जबाबदारी सामान्यतः तक्रार करणाऱ्यावर पडते, हे खरेदीदाराने प्रथमपासून ध्यानात ठेवावे.

दुकानदार आणि खासगी विक्रेता

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. जुना माल नवा म्हणून विकणे, बिल न देणे, सदोष माल ठरलेल्या मुदतीत आणि मुदत ठरली नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, या गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत. तथापि हा कायदा व्यापारी, उत्पादक आणि सेवा पुरवठादार यांच्याविरुद्ध आहे. घरातील जुना संगणक एकदाच विकणारा नोकरदार किंवा विद्यार्थी हा सामान्यतः व्यापारी ठरत नाही. याउलट, स्वतःस खासगी विक्रेता म्हणविणारी, परंतु नियमितपणे सुटे भाग आणून विकणारी व्यक्ती या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. विक्रेता कोण, हा प्रश्न म्हणूनच पहिला होय.

घेणाराही 'ग्राहक' असावा लागतो. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेला माल या कायद्यातून वगळला आहे. परंतु स्वयंरोजगाराद्वारे केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यास अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हा भेद स्पष्ट केला. टंकलेखन यंत्र घेऊन स्वतः टंकलेखन करणारी व्यक्ती ग्राहकच राहते, असे उदाहरण त्या निकालात आहे. गावात एकट्याने अर्ज भरून देण्याचे काम करणाऱ्या तरुणास हेच तत्त्व उपयोगी पडावे.

मालविक्री कायद्याचा आधार

खासगी विक्रेत्याच्या बाबतीत १९३० चा मालविक्री अधिनियम आणि १८७२ चा करारविषयक कायदा लागू होतात. खरेदीदाराने पारखून घ्यावे, हे मालविक्री कायद्याचे मूळ सूत्र आहे. माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही कलम १६ मधील गर्भित शर्त त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्यासच लागू होते. एकदाच विकणाऱ्या व्यक्तीस नव्हे.

कलम १५ मात्र सर्वांना लागू आहे. वर्णनावरून माल विकला असेल तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. समजा, कळंब येथील एका तरुणाने सोलापूरच्या एका गृहस्थांकडून 'आठ जीबी, चालू स्थितीत' असे लिहिलेली रॅम घेतली आणि ती प्रत्यक्षात चार जीबीची निघाली. येथे वर्णनाचा भंग उघड आहे. आठ जीबीचीच रॅम महिनाभर चालून बंद पडली असती, तर मात्र दावा बराच दुबळा झाला असता. यावरून एक धडा मिळतो. खासगी खरेदीत लेखी वर्णन हेच खरेदीदाराचे प्रमुख संरक्षण होय.

"आहे त्या स्थितीत" असे सांगून केलेली विक्री कायद्यास मान्य आहे. परंतु जाणूनबुजून सांगितलेल्या असत्यास ते शब्द पांघरूण घालू शकत नाहीत. केवळ मौन म्हणजे सहसा कपट नव्हे. विचारलेल्या प्रश्नास दिलेले खोटे उत्तर मात्र कपट ठरते. यास्तव प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. तसेच माल स्वीकारून वाजवी काळ गप्प राहिल्यास तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणून दोष दिसताच विक्रेत्यास लेखी कळवावे.

घ्यावयाची दक्षता

१. भागाचे नाव, क्षमता, अनुक्रमांक, किंमत, दिनांक आणि चाचणीची मुदत लिहून दोघांनी सही करावी. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी.

२. हार्ड डिस्कमध्ये ती एकूण किती तास चालली आणि किती क्षेत्रे बदलली गेली याची नोंद असते. ती विक्रेत्यासमोर पाहावी. रॅमची चाचणी अनेक फेऱ्यांत घ्यावी. मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर धोक्याची खूण होय.

३. मूळ बिल मागावे. चोरीच्या मालाची मालकी खरेदीदारास सामान्यतः मिळत नाही आणि माल चोरीचा असल्याचे जाणून घेतल्यास तो गुन्हाही ठरतो.

४. दोष आढळल्यास भाग उघडू नये, परस्पर दुरुस्त करू नये. चित्रीकरण करावे, संदेश जपून ठेवावेत आणि त्रयस्थ तंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय घ्यावा.

शाळा आणि ग्रामपंचायती यांनी सार्वजनिक निधीतून करावयाची खरेदी विहित पद्धतीनेच करावी. खासगी व्यक्तीकडील बिलाविना खरेदी लेखापरीक्षणात आक्षेपास पात्र ठरते.

दाद कोठे मागावी

व्यापाऱ्याविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. विक्रेता पुण्याचा असला तरी खरेदीदारास स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आवश्यक तेथे आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

खासगी विक्रेत्याविरुद्ध तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा करता येतो. पण दोन हजारांच्या वस्तूसाठी न्यायालयाच्या खेपा परवडत नाहीत. अशा वेळी तालुका विधी सेवा समितीमार्फत दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवणे हितावह होय. तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील नसते. प्रारंभापासूनच फसविण्याचा हेतू असेल तर पोलिसांकडे जाता येते. मात्र प्रत्येक बिघाड म्हणजे फसवणूक नव्हे.

दोन्ही पक्ष एकाच गावचे असतील तर समजुतीचा मार्ग सर्वांत जवळचा आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून राबविलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातील तंटे गावातच मिटविण्याची दिशा दाखविली. भाग परत घेऊन काही रक्कम परत करणे किंवा दुरुस्तीचा खर्च वाटून घेणे, असे तोडगे पंचायत सदस्य सुचवू शकतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना संगणकाबरोबरच पावतीचे महत्त्वही शिकविल्यास असे अनेक वाद उद्‌भवणारच नाहीत. स्वस्त वस्तू मिळविण्यात गैर काही नाही. मात्र ती पारखून आणि लिहून घेण्याची सवय गावोगाव रुजणे अगत्याचे आहे.