लेबलवरचा एक शब्द : लहान मुलांच्या औषधांवरच्या कारवाईतून धंद्याचे पाच धडे



अमरावती असो की अकोला, प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला: "सर, लहान मुलांसाठी घरगुती टॉनिक किंवा सत्त्व काढलं तर चालेल का?" व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं. इथं ते नीट समजून घेऊ, कारण यात पैशापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते.

आधी घडलं काय, ते बघा

वरुडवरून पांढुर्णा ओलांडलं की पुढे छिंदवाडा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या परासिया भागात साध्या सर्दी-तापाच्या लेकरांना खोकल्याचं औषध दिलं गेलं आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं. वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली.

औषधाचं नाव कोल्ड्रिफ, बॅच एसआर-१३, कारखाना तमिळनाडूतला. लेबलवर पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन. बाटलीत मात्र तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रावक ४८.६ टक्के निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का!

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ ऑक्टोबरला या बॅचची विक्री आणि वापर थांबवायला सांगितलं. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या. १३ ऑक्टोबरला तमिळनाडू सरकारने कंपनीचा परवानाच रद्द केला.

हे पहिल्यांदा घडलं असं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रावकात बनवलेल्या 'एलिक्झिर सल्फॅनिलामाइड'ने शंभरावर माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं होती. तेव्हा विकण्याआधी औषधाची सुरक्षितता तपासा, असं सांगणारा कायदाच तिथं नव्हता. मग सरकारने माल जप्त केला कशावर? 'एलिक्झिर' या शब्दावर! एलिक्झिर म्हणजे त्यात अल्कोहोल हवं. या औषधात ते नव्हतं, म्हणून लेबल खोटं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिथं नवा कायदा आला.

धडा १ : तीन शब्द पाठ करा

आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यात तीन वेगळे गुन्हे आहेत. मिसब्रँडेड म्हणजे लेबल खोटं किंवा दिशाभूल करणारं. भेसळयुक्त म्हणजे आत नको ते मिसळलेलं. बनावट म्हणजे दुसऱ्याच्या नावावर खपवलेलं. म्हणजे आतला माल शुद्ध असला, तरी नुसत्या खोट्या लेबलवर तुम्ही अडकू शकता.

धडा २ : दावा बदलला की परवाना बदलतो

समजा, अकोल्यातली एखादी ताई ज्वारीचं सत्त्व विकते. तोवर ते अन्न आहे, अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी किंवा परवाना लागेल. पण पाकिटावर "जुलाब थांबवते", "खोकला बरा करते" असं छापलं, की कायद्याच्या नजरेत ते औषध झालं. मग औषध बनवण्याचा परवाना दाखवा! आयुर्वेदिक म्हटलं म्हणून सुटका नाही, विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध बनवायलाही वेगळा परवाना लागतो.

आणि काही दावे तर औषधानेही करायचे नाहीत. औषध नियमांच्या 'जे' यादीत मुलांची उंची वाढवणं आणि स्मरणशक्ती वाढवणं, दोन्ही आहेत. "उंची वाढवा" अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यातही बसत नाही.

धडा ३ : दोन वर्षांखालचं बाळ म्हणजे वेगळा कायदा

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचा पूरक आहार म्हणून माल विकत असाल, तर १९९२ च्या कायद्याने त्याची जाहिरातच करता येत नाही. पाकिटावर बाळाचा किंवा आईचा फोटोही चालत नाही. आपल्याकडे सगळ्यात आधी तोच फोटो छापायला टाकतात!

धडा ४ : नावसुद्धा दावा असतो

१४ ऑक्टोबर २०२५ ला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 'ओआरएस' शब्द पेयांच्या नावातून काढायला लावला. "हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही" अशी बारीक सूचना छापून आधी चालत होतं, आता नाही. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्याहून खूप गोड पेय जुलाबाच्या मुलाला दिलं तर जुलाब वाढू शकतात. घाईत असलेली आई बारीक अक्षरं वाचत नाही, ती मोठं नाव वाचते. आपल्या ब्रँडचं नाव ठरवताना हे लक्षात ठेवा.

धडा ५ : पक्कं बिल म्हणजे ढाल

मेडिकल टाकायचा विचार असेल तर हे खास तुमच्यासाठी. परवानाधारकाकडून माल घेतला, योग्य ती काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, आणि माल नीट साठवला, हे सिद्ध केलं तर कायदा विक्रेत्याला संरक्षण देतो. सिद्ध कशाने करणार? बिलाने. म्हणून "बिल नको, दोन टक्के कमी लावतो" हा सौदा सगळ्यात महागडा असतो.

आजचा गृहपाठ

१. आपल्या लेबलवरचा प्रत्येक शब्द वहीत लिहा. समोर त्याचा पुरावा लिहा. पुरावा नाही, तो शब्द कापा.
२. "बरा करतो", "थांबवतो", "वाढवतो" ही क्रियापदं शोधा. तिथंच धोका असतो.
३. कच्चा माल कोणत्या दर्जाचा, कोणाकडून, कोणत्या बॅचचा, याची नोंद ठेवा. स्वस्तातलं द्रावक कुठवर नेतं, ते वर पाहिलंच.
४. छपाईला टाकण्याआधी लेबल अन्न व औषध प्रशासनाच्या आपल्या जिल्हा कार्यालयात दाखवून विचारा. टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५.

मित्रांनो, गिऱ्हाईक आपल्या जिभेवर एकदा प्रयोग करेल, लेकराच्या जिभेवर नाही. तिथं तो फक्त तुमच्या लेबलवर विश्वास ठेवतो. तो विश्वास विकत मिळत नाही, आणि एकदा गेला की परतही येत नाही.

तुमच्या लेबलवरचा कोणता शब्द आज कापला, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. पुढच्या भागात अन्न सुरक्षा नोंदणी टप्प्याटप्प्याने बघू.