सगळेच दिवे बदलायचे नसतात

हल्ली गॅरेजवर जुनी मारुती ८००, झेन, एखादी पद्मिनी हौसेने सांभाळणारी तरुण मुलं येतात, आणि त्यांची पहिली मागणी असते ती मीटरच्या उजेडाची. पिवळा, मरगळलेला उजेड नको, एलईडी टाका. मागणी चुकीची नाही. ८०० गाडी १९८३ला आली आणि २०१४ला बंद झाली. आज हातात येणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या मीटरमागचं पांढरं प्लास्टिक बल्बच्या उष्णतेने तपकिरी पडलेलं असतं. त्यात कुणीतरी जास्त उजेडासाठी ३ वॅटच्या जागी ५ वॅटचा बल्ब कोंबलेला असला, तर होल्डरही वाकडा झालेला सापडतो. एलईडीने ती उष्णता जाते, बल्ब वारंवार उडायचा थांबतो. म्हणून भाच्या, हे काम तू जरूर घे. फक्त दहा-बारा एलईडींचं पाकीट आणायचं आणि निघेल तो बल्ब बदलत सुटायचं, असं करू नकोस.

मीटर हातात आला की आधी दिवे दोन गटांत वाटून घे. काही दिवे काटे आणि आकडे दिसावेत म्हणून लागतात. बाकीचे दिवे खबर देतात: चार्जिंगचा, ऑइल प्रेशरचा, हँडब्रेकचा, इंडिकेटरचा, हाय बीमचा. पहिल्या गटात हवी तेवढी हौस कर. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक दिव्याला हात लावण्याआधी तो कोणत्या वायरीवर चालतो ते टेस्ट लॅम्प लावून बघ.

सगळ्यांत जास्त जपायचा तो चार्जिंगचा लाल दिवा. लोकांना वाटतं तो फक्त बॅटरी चार्ज होत नाही हे सांगतो. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये त्याचं आणखी एक काम असतं. किल्ली फिरवली की इग्निशनकडून येणारा करंट त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या फील्डच्या वेटोळ्यात जातो, रोटरला पहिलं चुंबकत्व मिळतं आणि अल्टरनेटर जागा होतो. तो वीज द्यायला लागला की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. २ वॅटच्या बल्बमधून १६०-१७० मिलिअँपिअर जातात. एलईडीतून जेमतेम २०. तेवढ्यात रोटर नीट जागा होत नाही. गाडी स्लोवर उभी असताना चार्जिंग सुरूच होत नाही, रेस दिली की होतं, आणि मालक बॅटरी बदलत बसतो. ज्याने आदल्या आठवड्यात मीटरमध्ये एलईडी टाकला, त्याच्यावर संशयही जात नाही.

म्हणून तो एक बल्ब जुनाच राहू दे. मालक हटूनच बसला तर एलईडीच्या जोडीला, समांतर, एक रेझिस्टर लाव. हिशोब सोपा आहे: १२ गुणिले १२ भागिले बल्बचे वॅट. २ वॅटला ७२ ओहम येतात, बाजारात ६८चा मिळतो, तो घे. पण ५ वॅटचाच घे. पाव वॅटचा छोटा रेझिस्टर जळेल. किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना तो चांगलाच तापतो, तेव्हा मीटरच्या प्लास्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला टेकवू नकोस. नंतरच्या बऱ्याच अल्टरनेटरांच्या रेग्युलेटरला इग्निशनची वायर वेगळी येते, तिथे ही अडचण नसते. जुन्या डायनामोतही नसते, कारण त्याच्या लोखंडात शिल्लक राहिलेलं चुंबकत्व सुरुवातीला पुरतं. पण समोरच्या गाडीत काय बसवलंय ते बॉनेट उघडून, मल्टिमीटर लावून ठरव. मालकाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, जुन्या गाड्यांचे अल्टरनेटर कधीच बदललेले असतात.

इंडिकेटरच्या दिव्याचं वेगळंच आहे. काही जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असतो, आणि तो दोन बाजूंच्या वायरींच्या मधोमध जोडलेला असतो. डावा इंडिकेटर दिला की करंट एका दिशेने, उजवा दिला की उलट. बल्बला दोन्ही चालतं. एलईडीला एकच दिशा समजते, म्हणून तो एका बाजूला लागेल आणि दुसऱ्या बाजूला गप्प बसेल. दुकानात दोन्ही दिशांना चालणारा, आत ब्रिज असलेला एलईडी मिळतो, तो मागून घे. बाकी ठिकाणी एलईडी लागला नाही तर घाबरायचं कारण नाही. काढ, अर्धा फिरव, परत बसव. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

ऑइल प्रेशरच्या दिव्याला एलईडी चालतो, पण तो लालच हवा आणि दिवसाच्या उन्हातही स्पष्ट दिसायला हवा. तो न दिसल्याची किंमत म्हणजे इंजिनाची बेअरिंग. मीटर परत बसवलास की इंजिन सुरू न करता किल्ली ऑन कर आणि थांब. ऑइल, चार्जिंग आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याचा, हे तिन्ही दिवे लागलेच पाहिजेत. मग इंजिन सुरू कर. ऑइल आणि चार्जिंग विझले पाहिजेत. ही तपासणी मालकाला शेजारी बसवून, त्याच्या डोळ्यांदेखत कर.

आता हौसेच्या भागाकडे येऊ. मुलं निळा एलईडी मागतात. त्यांना समजावून सांग, आणि नाहीच पटलं तर एक निळा तात्पुरता लावून अंधारात दाखव. बहुतेक मीटरांचे काटे लाल किंवा नारिंगी असतात. निळ्या उजेडात लाल रंग परत फेकला जाण्यासारखं काही नसतं, त्यामुळे काटा काळपट दिसतो. आकडे झगमगतात आणि वेग दाखवणारा काटाच हरवतो. दुसरं, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळसर उजेड सर्वांत जास्त खुपतो. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि डोळ्यांवर आलेला निळा झोत ती सवय मोडतो. वरंध्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात रात्री पाऊस आणि धुकं असताना समोरच्या काचेत स्वतःच्याच मीटरचं निळं प्रतिबिंब तरंगत असेल, तर वळणावर पांढरी पट्टी शोधायची कशी? लाल, नारिंगी किंवा मंद पिवळसर पांढरा उजेड त्या रस्त्याला बरा. माझं मत विचारशील तर जुन्या गाडीला वॉर्म व्हाइटच शोभतो, आणि चालवणाऱ्यालाही तोच सुखाचा असतो.

रंग ठरवताना मीटरमधली टोपी बघायला विसरू नकोस. बऱ्याच गाड्यांत बल्बवर हिरवी किंवा निळी रबरी टोपी असते, किंवा डायलच्या मागे रंगीत पट्टी असते. हिरव्या पट्टीमागे लाल एलईडी लावला तर जवळजवळ अंधारच मिळेल. एक तर पट्टीच्याच रंगाचा एलईडी घे, नाहीतर टोपी काढून पांढरा घे. लाल खबरदिव्याच्या काचेमागे गार पांढरा एलईडी फिकट गुलाबी दिसतो, कारण पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळी चिप असते आणि तिच्या उजेडात लाल रंग कमी असतो. तिथे लालच घाल.

बल्बचा उजेड चारही बाजूंना जातो आणि मीटरच्या पांढऱ्या पोकळीत आपटून सगळीकडे पसरतो. एका दिशेला तोंड असलेला एलईडी तिथे मधोमध एक झगझगीत ठिपका पाडतो आणि कडेचे आकडे काळोखात राहतात. म्हणून आजूबाजूलाही चिप असलेला एलईडी घे. गोल काचेचा ५ मिलिमीटरचाच मिळाला, तर बारीक पॉलिश पेपरने त्याची काच घासून दुधी कर.

मीटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोड. जुन्या ब्रिटिश गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असू शकतं, तिथे अर्थ कोणतं ते आधी बघ, एलईडीची बाजूही त्याप्रमाणे उलटेल. स्पीडोमीटरची केबल मागून चाप दाबून सोडवायची, ओढायची नाही. मागच्या पातळ लवचीक पट्टीवरचे तांब्याचे रस्ते नाजूक असतात. होल्डर फिरवताना अडला तर जोर करू नकोस, एकदा रस्ता उचकटला की जोडायला अर्धा दिवस जातो. रस्ते काळे पडले असतील तर शाळेतल्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायचे. एलईडीचे तारेचे पाय बल्बच्या पायांपेक्षा बारीक असतात, होल्डरमध्ये ढिले बसतात आणि खड्ड्यात गाडी गेली की लुकलुकतात. होल्डरचे पितळी ओठ चिमट्याने किंचित जवळ घे.

डिमरची फिरकी असलेल्या गाडीत मालकाला आधीच सांग. जुना डिमर म्हणजे तारेचा रेझिस्टर असतो. चार बल्ब मिळून एक अँपिअरच्या आसपास ओढत होते, तेव्हा तो दाब खात होता. चार एलईडी त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ओढतात, मग १० ओहमचा डिमर एक व्होल्टसुद्धा खात नाही आणि फिरकी फिरवून फरक पडत नाही. एलईडीसाठीचा वेगळा डिमर बसवता येतो, पण स्वस्तातला घेतलास तर रेडिओच्या मीडियम वेव्हवर खरखर येते. त्याहून सोपं म्हणजे मुळातच कमी उजेडाचे एलईडी घेणं.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कर, आणि एका मीटरला लागणारे सगळे एकाच पाकिटातले घे, शिवाय दोन जास्त. वेगवेगळ्या पाकिटांतले पांढरे शेजारी लावले की एक निळसर आणि एक पिवळसर दिसतो. इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या वर जातो, तेव्हा सुटे एलईडी जोडत असशील तर हिशोब १२वर करू नकोस. ३.२ व्होल्टचे तीन पांढरे एका रांगेत ९.६ खातात. १४.४मधून उरले ४.८. २० मिलिअँपिअरसाठी २४० ओहम.

एअरबॅगवाल्या नव्या गाडीचा मीटर मात्र उघडू नकोस. एअरबॅग आणि एबीएसच्या दिव्यांवर कंट्रोलरची नजर असू शकते, काटे मोटरवर चालतात आणि उपटून परत बसवले की चुकीचा वेग दाखवतात. आणि तसंही तिथे कारखान्यातूनच एलईडी आलेले असतात.

काम झाल्यावर काढलेले चांगले बल्ब पिशवीत घालून मालकाच्या हाती दे. एका चिठ्ठीवर कोणते दिवे एलईडी केले, कोणता बल्ब मुद्दाम ठेवला, रेझिस्टर कुठे आणि किती ओहमचा, हे बॉलपेनने लिही आणि ती चिठ्ठी फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटव. पुढचा वायरमन आधी तेच झाकण उघडतो.