आलेल्याला पाणी



दारी कोणी आले की आधी पाणी आणि मग चौकशी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. उन्हातून आलेल्याच्या हाती गावाकडे अजून गूळ-पाणी देतात. कामाचे बोलणे त्यानंतर. निघतानाही पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. या रीती आपण पुस्तकातून शिकलो नाही. ‘काकांना पाणी दे गं’ असे आई म्हणाली आणि हाताला सवय लागली. अॅरिस्टॉटलचेही मत हेच होते: सद्गुण ऐकून येत नाही, तो कृती करून करून अंगात मुरतो. (सेमिनरीत हे समजून घ्यायला आम्हांला पुष्कळ दिवस लागले. आमच्या आयांनी ते न वाचताच केले.)

पवित्र शास्त्रातही हीच रीत आढळते. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात अब्राहाम तीन अनोळखी वाटसरूंसाठी आधी पाय धुण्यास पाणी आणवतो. शिमोन परुश्याने प्रभू येशूला जेवायला बोलावले, पण पायांसाठी पाणी दिले नाही. प्रभूने ही उणीव त्याला तिथेच दाखवून दिली (लूक ७).

मात्र याच पाण्याने आपल्या देशात माणसाचा अपमानही केला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

कलम झाले, पण कप राहिला. घरभेटीला गेलो की काही घरांत आम्हांला तो दिसतो. पाहुण्यांसाठी काचेचे ग्लास, आणि मागच्या ओट्यावर एक वेगळा कप. तो कामवाल्या बाईचा. वाडीत राबणाऱ्या आदिवासी मजुराला चहा मिळतो, पण पायरीवर, आणि कप त्यानेच विसळून ठेवायचा. विचारले तर उत्तर येते, ‘फादर, स्वच्छतेसाठी हो.’ स्वच्छतेचाच प्रश्न असेल तर साबणाने धुतलेला कप कोणालाही चालावा. शिवाय घरातली सगळी भांडी तीच बाई घासते ना?

योहानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीपाशी नेमका हाच प्रश्न आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्यांचा व्यवहार ठेवीत नसत. प्रभूजवळ पाणी काढायला पोहरा नव्हता. म्हणजे त्याने त्या शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, ते तिच्याच भांड्यातून पिण्यासाठी! तिला नवल वाटले ते याचेच. संत याकोबानेही आपल्या पत्रात (अध्याय २) श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायांजवळची जागा देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी केली आहे.

मिस्सामध्ये शांती देताना आपण एकमेकांना हात जोडतो. ही भारतीय पद्धत रोमने १९६९ साली मान्य केली. त्या वेळी शेजारच्या बाकावर कोण बसले आहे हे आपण पाहत नाही. तीच व्यक्ती सोमवारी सकाळी आपल्या दारात कामाला उभी असू शकते.

या महिन्यात लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत योहान ४:१-१५ व याकोब २:१-९ वाचावे. चर्चेसाठी एवढेच विचारावे: आपल्या घरी येणाऱ्या बाईचे, गड्याचे, गॅसवाल्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, आणि ते पाणी कशातून पितात?