इंटरनेटच्या दूरध्वनीवरून फॅक्स कसा जातो?

दूरध्वनीवर बोलताना मधूनच आवाज तुटतो, हा अनुभव तुम्हां सर्वांना असेलच. समजा, तुमच्या मित्राचे बोलणे असे ऐकू आले : “उद्या ...काळी सहाला एस. टी. स्टँड...र ये, सह...ची बस सुटेल!” तीन ठिकाणी अक्षरे गळाली, तरीही तुम्ही सकाळी सहाच्या ठोक्याला स्टँडवर हजर व्हाल. गळालेली अक्षरे तुमच्या मेंदूने आपणहून भरून काढली.

आता समजा, त्याच मित्राने परीक्षेचा बैठक क्रमांक सांगितला : “चार, सात, ..., दोन, नऊ.” मधला अंक कोणता? कितीही डोके खाजवले तरी सांगता येणार नाही. भाषेत एका शब्दावरून दुसऱ्याचा अंदाज येतो. आकड्यांत तशी सोय नसते.

हा साधा फरक लक्षात ठेवा. साध्या दूरध्वनीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले फॅक्सयंत्र इंटरनेटच्या दूरध्वनीला जोडले की का अडखळते, आणि त्यावर अभियंत्यांनी कोणता उपाय काढला, हे सारे या फरकावरूनच कळेल.

पानाचे ठिपके

कागदावरील मजकूर तारेने दूर पाठवण्याची कल्पना दूरध्वनीपेक्षाही जुनी आहे. स्कॉटलंडचे घड्याळजी अलेक्झांडर बेन यांनी १८४३ साली तिचे पेटंट घेतले. त्यांच्या योजनेत दोन्ही टोकांना एकेक लंबक होता. एक लंबक मजकुरावरून फिरे, तर दुसरा रासायनिक कागदावर त्याची नक्कल उमटवी. मात्र दोन्ही लंबक अगदी एका तालात हलले पाहिजेत; ताल चुकला की चित्र बिघडलेच! पुढे इटलीच्या जोव्हानी कासेल्ली यांच्या यंत्राने १८६५ पासून पॅरिस आणि ल्योन या शहरांमध्ये लोकांचे संदेश जाऊ लागले. तालाचा हा प्रश्न पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

कार्यालयांतून पुढे घरोघर परिचयाचे झालेले फॅक्सयंत्र हे ‘गट ३’ या प्रकारचे. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९८० साली ठरले. हे यंत्र ए-४ आकाराच्या पानाच्या बारीक आडव्या रेघा पाडते. नेहमीच्या प्रतीत एका मिलिमीटरमध्ये ३.८५ रेघा असतात आणि प्रत्येक रेघेत १७२८ ठिपके. पानाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे रेघा झाल्या सुमारे ११४३. गुणाकार करून पाहा : जवळजवळ पावणेवीस लाख ठिपके! प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. म्हणजे १ किंवा ०. अशा एका अंकाला ‘बिट’ म्हणतात.

सेकंदाला ९६०० बिट पाठवले, तर एका पानाला सुमारे साडेतीन मिनिटे लागतील. इतका वेळ कोण थांबणार? म्हणून यंत्र एकेक ठिपका न पाठवता सलग ठिपक्यांची संख्या सांकेतिक अंकांत सांगते. सलग दोन काळ्या ठिपक्यांसाठी ११, तीन काळ्यांसाठी १०, असे संकेत ठरलेले आहेत. संपूर्ण कोरी रेघ, म्हणजे १७२८ पांढरे ठिपके, अवघ्या १७ बिटांत मावतात. त्यामुळे साधे पत्र मिनिटाच्या आत जाते.

पण या काटकसरीची किंमत असते. एखादा बिट जरी बदलला, तरी पुढचे सारे संकेत चुकीचे वाचले जातात आणि ती रेघ शेवटपर्यंत बिघडते.

बिटांचे सूर

दूरध्वनीची तार आवाजासाठी बनवलेली. तिच्यावरून बिट कसे जाणार? फॅक्सयंत्र बिटांचे सूर करते. फोन लावणारे यंत्र दर तीन सेकंदांनी १,१०० हर्ट्झ कंप्रतेची अर्धा सेकंद शिट्टी देते. घेणारे यंत्र २,१०० हर्ट्झची शिट्टी देऊन “मी फॅक्स आहे” असे कळवते. मग दोघे सेकंदाला ३०० बिट अशा संथ गतीने आपापली ओळख सांगतात. तार कशी आहे हे तपासण्यासाठी पाठवणारे यंत्र दीड सेकंद नुसती शून्ये पाठवते. ती नीट पोचली तरच पान सुटते. नाहीतर वेग कमी करून पुन्हा तपासणी होते.

९६०० बिटांच्या वेगात सूर सेकंदाला २४०० वेळा बदलतो आणि प्रत्येक बदलात ४ बिट दडलेले असतात. लाटेची उंची किती आणि ती नेमकी कोठून सुरू झाली, यावरून घेणारे यंत्र ते ४ बिट ओळखते. म्हणजे येथेही ताल सांभाळणे आलेच. बेनचे लंबक गेले, पण त्यांचा प्रश्न राहिला!

आवाजाची पाकिटे

साध्या दूरध्वनीत संभाषणासाठी एक सलग वाट राखून ठेवलेली असते. इंटरनेटवर तसे नसते. तेथे आवाजाचे तुकडे करून ते पाकिटांत भरतात. आवाजाची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मापासाठी एक बाइट, म्हणजे ८ बिट खर्च होतात. बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरतात. म्हणजे पाकिटात १६० बाइट आणि सेकंदाला ५० पाकिटे.

ही पाकिटे गर्दीच्या रस्त्याने जातात. एखादे उशिरा पोचते, एखादे हरवते. बोलणे चालू असताना हरवलेले पाकीट पुन्हा मागवायला सवड नसते. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते.

मग यंत्रे काय करतात? ती आपल्या कानाच्या उदार स्वभावाचा फायदा घेतात. पाकीट हरवले, तर मागच्या आवाजाची नक्कल तेथे चिकटवतात. कोणी बोलत नसेल, तर पाकिटे पाठवणेच थांबवतात. प्रतिध्वनी वजा करतात. पाकिटे उशिरा येऊ लागली, तर आवाज किंचित ताणतात किंवा आखडतात. काही पद्धती तर आवाजाची लाट पाठवतच नाहीत. ‘जी.७२९’ नावाची पद्धत माणसाच्या घशातून व तोंडातून आवाज कसा घडला याचे गणिती वर्णन पाठवते आणि ६४,००० बिटांचे काम ८,००० बिटांत भागवते.

माणसाला या साऱ्याचा पत्ताही लागत नाही. पण फॅक्सचा सूर घशातून निघालेला नाही! घशाचे गणित त्याला लावले की लाटेचे बारकावे पुसले जातात आणि त्यांबरोबर बिटही. चिकटवलेली नक्कल फॅक्सच्या दृष्टीने खोटी माहिती असते. ताणलेला आवाज म्हणजे चुकलेला ताल. एक पाकीट हरवले, तर ९६०० च्या वेगात १९२ बिट जातात, शिवाय ताल सुटला तर पुढचेही काही.

एका दशांशचिन्हाची गोष्ट

“एखादी रेघ गेली तर काय बिघडले? पान तर वाचता येते!” असे कोणी म्हणेल. थोडा हिशेब करू.

समजा, पानावर औषधाची मात्रा लिहिली आहे : २.५ मिलिग्रॅम. दशांशाचा ठिपका अर्धा मिलिमीटर उंच आहे. मिलिमीटरला ३.८५ रेघा, म्हणजे तो ठिपका केवळ दोन रेघांवर आला. नेमक्या त्याच दोन रेघा बिघडल्या. अशा वेळी अनेक यंत्रे बिघडलेल्या रेघेच्या जागी तिच्या वरची रेघ पुन्हा छापतात. वरच्या रेघेत आकड्यांचे भाग होते, पण ठिपका नव्हता. आकडे जवळजवळ जसेच्या तसे राहिले, ठिपका मात्र नाहीसा झाला. कागदावर आले : २५ मिलिग्रॅम!

पान स्वच्छ आहे. यंत्राने “पान पोचले” असेही कळवले. पण मात्रा दहापट झाली. पान मुळीच पोचले नसते, तर निदान कोणी पुन्हा फोन तरी केला असता. उघड अपयशापेक्षा गुपचूप झालेली चूक अधिक घातक असते, हे विज्ञानात नेहमी ध्यानात ठेवावे.

ही काळजी जुन्या जमान्याची नव्हे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नवी फॅक्सयंत्रे घेण्यास जानेवारी २०१९ पासून बंदी झाली, तोवर तेथील रुग्णालयांत ती सर्रास वापरात होती. २०२० मध्ये कोविडच्या साथीत जपानमधील डॉक्टर रुग्णांची माहिती प्रथम फॅक्सनेच कळवत होते. इकडे अनेक देशांत तांब्याच्या तारांची जुनी दूरध्वनी-व्यवस्था मोडून इंटरनेटची व्यवस्था येत आहे. यंत्र टेबलावर तेच राहते. त्याच्या मागची तार मात्र बदलते.

सूर नको, बिट पाठवा

आता उपाय पाहू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली ‘टी.३८’ नावाचे नियम ठरवले. त्यांमागची कल्पना फार सोपी आहे. फॅक्स बिटांचे सूर करते, आपण त्या सुरांची पुन्हा पाकिटे करतो आणि वाटेत सूर बिघडतो. मग सूर पाठवायचाच कशाला?

फॅक्सयंत्र आणि इंटरनेट यांच्यामध्ये एक छोटी जोडणीपेटी असते. टी.३८ मध्ये अलीकडची पेटी फॅक्सचे सूर स्वतःच ऐकते, त्यांतले बिट वेगळे काढते आणि तेवढेच पाकिटांत भरते. पलीकडची पेटी त्या बिटांचे नवे, ताजे सूर करून तिकडच्या यंत्राला ऐकवते. दोन्ही यंत्रांना वाटते, आपण साध्या तारेवरच बोलत आहोत. नाजूक सुरांचा प्रवास फक्त पेटीपासून यंत्रापर्यंतच्या हातभर तारेवर होतो.

यात जागाही वाचते. एका सेकंदाचा आवाज पाठवायला ८००० बाइट लागत होते. फॅक्सचा वेग १४,४०० बिट धरला, तरी एका सेकंदाचा मजकूर १८०० बाइटच होतो. वाचलेल्या जागेचा उपयोग शहाणपणाने केला आहे : प्रत्येक पाकिटात नव्या मजकुराबरोबर आधीच्या पाकिटाचीही प्रत घालतात. चौथे पाकीट हरवले, तरी त्याची प्रत पाचव्यात असतेच. लागोपाठ दोन हरवण्याची भीती असेल, तर मागच्या दोन पाकिटांच्या प्रती घालाव्यात. भाषेत जी सोय आपोआप असते, ती येथे मुद्दाम निर्माण केली आहे!

जोडणी करताना

अशी जोडणी करायची झाल्यास पुढील क्रम ठेवावा.

१. फॅक्सयंत्राची तार जोडणीपेटीच्या दूरध्वनीच्या खाचेत आणि पेटीची दुसरी तार इंटरनेटच्या खाचेत लावावी.

२. पेटीत टी.३८ चालू करावे. ते दोन्ही टोकांना आणि मधल्या दूरध्वनी-सेवेलाही मान्य असावे लागते. तशी चौकशी आधीच करावी. फोन प्रथम आवाजाच्या पद्धतीनेच लागतो. फॅक्सचे सूर ओळखल्यावर दोन्ही पेट्या टी.३८ वर येतात.

३. टी.३८ मिळत नसेल, तर आवाजासाठी ‘जी.७११’ ही न आखडणारी, ६४,००० बिटांची पद्धत निवडावी, जी.७२९ नको. शांततेत पाकिटे थांबवण्याची आणि प्रतिध्वनी वजा करण्याची सोय त्या जोडणीपुरती बंद करावी.

४. फॅक्सचा वेग ९६०० वर आणावा. घाईपेक्षा खात्री बरी.

५. यंत्रातील चूक-दुरुस्तीची सोय चालू ठेवावी. हिच्यामुळे पानाचा मजकूर लहान लहान तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळ्याचा आकडा असतो आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. पान अडकते म्हणून काही जण ही सोय बंद करतात. मग पान सुरळीत येते खरे, पण दशांशचिन्ह आले की नाही, हे कोणी सांगावे?

६. शेवटी बारीक अक्षरे, आकडे आणि दशांशचिन्हे असलेले एक पान पाठवून मूळ पानाशी ताडून पाहावे.

करून पाहा

चौकटीच्या कागदावर १२ × १२ घरांचा चौरस आखा आणि काही घरे काळी करून ‘४’ हा आकडा काढा. प्रत्येक रेघेसाठी एक चिठ्ठी लिहा. उदाहरणार्थ, “पांढरी ३, काळी २, पांढरी ७”. चिठ्ठ्यांवर रेघेचा क्रमांक घाला. एक मित्र पोस्टमन होईल आणि तुमच्या नकळत दोन चिठ्ठ्या खिशात टाकेल. दुसरा मित्र उरलेल्या चिठ्ठ्यांवरून चित्र काढील. जेथे चिठ्ठी नाही, तेथे वरची रेघ पुन्हा काढील. आकडा ओळखता येतो का? ‘४’ च्या ऐवजी दोन आकड्यांमध्ये एकच घराचा दशांशठिपका काढून पाहा. काय होते?

आता प्रत्येक चिठ्ठीवर आधीच्या रेघेचीही नक्कल लिहा आणि खेळ पुन्हा खेळा. पोस्टमनने कोणत्या दोन चिठ्ठ्या लपवल्या, तर चित्र तरीही बिघडेल? उत्तर शोधताना शेवटच्या चिठ्ठीचाही विचार करा. तिची नक्कल कोणाजवळ आहे?