जागा एकाची, ताबा दुसऱ्याचा : पगडीचे घर विकताना

मुंबईत डोंगरी, मदनपुरा, नागपाडा या भागांतील जुन्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांचे घर म्हणजे पगडीची खोली होय. मालक वेगळा, ताबा आपला. कोकणात दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या खर्चाने उभारलेली घरे आहेत, आणि भाड्याच्या जागेवर ठेवलेली टपरी हाही त्याच जातीचा प्रकार आहे. अशी वास्तू विकताना विक्रेता एकच आकडा सांगतो आणि घेणारा त्या एकाच आकड्यावर घासाघीस करतो. वास्तविक त्या आकड्यात बांधकाम, राहण्याचा हक्क आणि मालकाची संमती अशा तीन वेगवेगळ्या गोष्टींची किंमत मिसळलेली असते. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नसतात. वाचकहो, सौदा हलाल होतो की नाही, याचा निर्णय बहुतांशी या मिसळीतच होत असतो.

बांधकामाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. भाड्याच्या जमिनीवर तुम्ही स्वतःच्या पैशाने भिंती उभारल्या, कौले चढविली, तर ती वास्तू तुमची. तुम्ही ती विकू शकता. मात्र मुदत संपल्यावर काय, याविषयी फुकहांनी भेद केला आहे. हनफी मतानुसार भाडेकरूने बांधकाम काढून जमीन मोकळी करून द्यावी. किंवा मालकाने मोडलेल्या बांधकामाच्या दराने मोबदला देऊन ते ठेवून घ्यावे. अथवा दोघांच्या राजीखुशीने जमीन एकाची व घर दुसऱ्याचे असे चालू राहावे. शाफई मत भाडेकरूला थोडे अधिक झुकते माप देते. काढून नेण्याची अट आधी ठरलेली नसेल, तर मालकाला नुकसानभरपाई दिल्यावाचून बांधकाम पाडता येत नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत, म्हणून हा भेद त्यांच्यासाठी केवळ ग्रंथातला नाही. तात्पर्य, विकणाऱ्याने घराबरोबर ही अटही सांगितली पाहिजे. पाच वर्षांनी उचलून न्यावे लागणारे घर आणि कायम उभे राहणारे घर, या दोहोंची किंमत एक नसते.

पगडीच्या खोलीत मात्र भिंतीही मालकाच्याच असतात. मग भाडेकरू विकतो काय? तो आपला राहण्याचा हक्क सोडतो आणि त्याबद्दल रक्कम घेतो. अरबीत या रकमेला 'बदलुल-खुलू' म्हणतात. हा प्रश्न इतका व्यापक होता की 1988 साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने त्यावर स्वतंत्र ठराव केला. पुढच्याच वर्षी दिल्लीत भारताच्या इस्लामी फिक्ह अकादमीच्या पहिल्या परिसंवादातही पगडीचा विचार झाला. जेद्दाच्या ठरावाचा आशय असा : भाडेकराराची मुदत शिल्लक असेल, तर भाडेकरूने आपला उरलेला हक्क सोडण्याबद्दल मोबदला घेणे जायज आहे, मात्र मूळ करार व देशाचा कायदा यांचे भान ठेवावे लागेल. मुदत संपली असेल आणि करार नव्याने झाला नसेल, तर घेण्यासारखे काही उरत नाही, कारण जागेवर मालकाचाच हक्क अधिक.

येथे आपल्याकडची अडचण पुढे येते. पगडीला मुदतच नसते. माझ्या मते पाहावे ते हे की, प्रवेश करताना मालकाला पगडी दिली होती काय? ज्याच्या वडिलांनी ठोक रक्कम मोजून दीर्घकाळ राहण्याचा हक्क घेतला, त्याच्याजवळ सोडून देण्यासारखे काही निश्चित आहे. ज्याने एक पैसाही न देता, केवळ कायद्याने भाडे गोठविले म्हणून, चाळीस वर्षे नाममात्र भाड्यात काढली, त्याने आज त्याच जागेचे लाखो रुपये आपले म्हणून घ्यावे, हे मनाला पटत नाही. कायदा त्याला बाहेर काढत नाही हे खरे; पण कायद्याचे संरक्षण मिळणे वेगळे आणि मोल घेण्याचा अधिकार असणे वेगळे.

आता मालकाचा हिस्सा. मुंबईत पावती नव्या भाडेकरूच्या नावावर करून देण्याबद्दल मालक पुष्कळदा सौद्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत रक्कम घेतो. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याखाली पगडी घेणे गुन्हा होता, तरी ती हातोहात चालूच राहिली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 56 ने भाडेकरूचा मोबदला आणि मालकाच्या संमतीची रक्कम, दोन्ही कायदेशीर केल्या. त्यामुळे लपविण्याचे जुने कारण आता उरलेले नाही. शरीअतच्या दृष्टीने या हिश्शाचा अर्थ असा लावता येतो की, मालक नव्या माणसाशी नवा भाडेकरार करतो आणि ही ठोक रक्कम त्या भाड्याचाच आगाऊ भाग होय. जेद्दाच्या ठरावातही मालकाने घेतलेल्या ठोक रकमेला भाड्याचा भाग मानूनच परवानगी दिली आहे. तसे असेल तर तिची पावती घेणाऱ्याच्या नावे, पूर्ण आकड्यानिशी मिळाली पाहिजे.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या जागेवर ठेवलेल्या मोबाइल होमच्या विक्रीचा कायदा या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथे जागामालकाचे कमिशन विक्रीच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि 2013 च्या सुधारणेनंतर घेणाराच ती रक्कम किमतीतून बाजूला काढून मालकाला देतो. विक्रेता, मालक व घेणारा या तिघांनाही एकच आकडा ठाऊक असतो. आपल्याकडे मालकाला सौदा 20 लाखांचा सांगायचा आणि प्रत्यक्षात 30 लाख घ्यायचे, ही चाल सर्रास आहे. 10 लाखांवरील मालकाचा हिस्सा अशा रीतीने बुडतो, आणि घेणाऱ्यालाही त्या खोट्यात साक्षीदार व्हावे लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतला ओलावा बोटांना लागला, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्या व्यापाऱ्याला विचारले. ही हदीस आपण वारंवार ऐकतो. कागदावरच्या 20 लाखांखाली दडविलेले 10 लाखही तसेच ओले धान्य आहे. मालकाचे थकलेले भाडे, चालू असलेला खटला, इमारतीला आलेली धोकादायक असल्याची नोटीस, हेही घेणाऱ्याला आधी सांगावयाचे असते.

मालकानेही विचार करावा. संमती देणे वा न देणे त्याच्या हातात असले, तरी एकदा ठरलेला हिस्सा ऐन पावती बदलण्याच्या दिवशी वाढवून मागणे म्हणजे अडवणूक होय. कुरआनने सूरह निसामध्ये परस्परांच्या राजीखुशीच्या व्यापाराला मान्यता दिली आहे. सामान बांधून दारात उभ्या असलेल्या माणसाची मान हलली, म्हणजे तो राजी झाला असे होत नाही.

शेवटची गोष्ट घरातल्यांची, आणि मोठा अन्याय येथेच होतो. वडिलांच्या निधनानंतर, कायद्याप्रमाणे, त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाच्या नावावर भाडेहक्क येतो. बहुधा तो मुलगा असतो. पुढे खोली विकली जाते, आणि 'पावती माझ्या नावावर आहे' एवढे बोलून तो सारी रक्कम ठेवतो; सासरी गेलेल्या बहिणींना विचारलेही जात नाही. हनफी मतानुसार भाडेकरार करणाऱ्याच्या मृत्यूने संपतो, शाफई मतानुसार संपत नाही; या मतभेदाचा आधार घेऊन काही भाऊ बहिणींचा हक्क नाकारतात. पण करार मृत्यूने संपला असे मानले, तर तो भावासाठीही संपला. आणि चालू राहिला असे मानले, तर तो सर्व वारसांसाठी चालू राहिला. वडिलांनी पगडी मोजली होती, म्हणून आज तिचे मोल आले आहे. ते मोल त्यांचा तरका आहे, आणि सूरह निसाने तरक्यात मुलींचा वाटा ठरवून दिला आहे. पावतीवरचे नाव भाडे कोणी भरायचे ते सांगते, वारस कोण ते सांगत नाही. भावाने नंतर स्वतः केलेला खर्च, म्हणजे नवी लादी, छताची दुरुस्ती, मालकाचा हिस्सा, हिशेब दाखवून वजा करावा. उरलेल्या रकमेतून वडिलांचे कर्ज व वसीयत असल्यास ती फेडून वाटणी करावी. सौदा यापूर्वीच झाला असेल, रक्कम नव्या फ्लॅटमध्ये गुंतली असेल, तरी बहिणीचा वाटा तिचे कर्ज म्हणून उभाच असतो. तो हप्त्याने देता येतो. आणि तिने खरोखर राजीखुशीने सोडला तर सुटतोही. मात्र आधी तिला आकडा सांगितलेला असावा.